खोपटीजवळचा ठिय्या

हेतेवारा, २० ऑगस्ट १९७३

चि. तौनो यास ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

इकडे सर्व ठीक. आई बरी आहे, गाय बरी आहे, छप्पर गळतंय पण नेहमीच्याच जागी. तुझं शेवटचं पत्र जूनमधलं. टपालाची बस तिठ्यावर थांबली की आई गुडघेदुखी विसरून दारात जाते आणि परत येताना तिला ती आठवते. स्वीडनमध्ये शाई महाग झाली असेल तर कळव, इथून बाटली पाठवते.

आता कामाचं. रविवारी ओस्मोकाका आले होते. शिकार मंडळाचे म्होरके झाल्यापासून ते नुसतं कॉफी प्यायला म्हणून कुठे जात नाहीत. म्हणाले, दलदलीच्या कडेला, गवताच्या खोपटीजवळचा, मूस हरणाला टिपायला बसायचा आपला ठिय्या बाबा गेल्यापासून रिकामाच आहे. तू येशील म्हणून राखून ठेवला, पण आता लोक कुरकुर करतात. या ऑक्टोबरात आपल्या घरातलं कुणी तिथे बंदूक घेऊन उभं राहिलं नाही, तर ठिय्या शेजारच्या घराला जाईल. एवढं बोलून दुसरा पेला न घेता उठले, यावरून काय ते समज.

आजोबा तिथे बसले, बाबा तिथे बसले. बाबांचा ओंडका अजून तिथेच आहे, मी परवा जाऊन बघून आले. पण त्यांची बंदूक आता कामाची नाही, नळी आतून झिजलीय. म्हणजे नवी रायफल हवी आणि ती धरणारा तू हवास. ये रे बाबा.

माया आहेच, ती समुद्र ओलांडून पोचावी.
तुझी सायमीताई

&nbsp;

गोथेनबर्ग, १ सप्टेंबर १९७३

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. येतो! फोरमनकडे रजेचा अर्ज टाकलाय. ठिय्या शेजारच्यांना? आधी त्यांनी आपली कुंपणं सरळ करावीत म्हणावं.

मी दिवसभर गाड्यांना दारं बसवतो. दार बसतं, पट्टा सरकतो, पुढची गाडी येते. इथेही जंगल आहे, पण तिथे बाकं टाकलीत आणि फिरायला जाणारे लोक नीट बूट पुसून परत येतात. मला दलदलीचा तो कुजका वास हवाय. सांगितलं तर हसतील म्हणून इथे कुणाला सांगत नाही.

रायफलचं असं कर. कयानीला हार्तिकाइननच्या दुकानात जा. मी इथल्या काचेत एक पाहून ठेवलीय, अक्रोडाचा दस्ता, वर दुर्बीण, आणि ताकद अशी की मूस उभा असेल तिथेच बसतो. आमचा फोरमन तीच वापरतो. तसलीच माग. म्हातारा दुसरं काही गळ्यात मारायला बघेल, त्याचं ऐकू नकोस. पैशांची काळजी माझी.

गुनवोर तुला नमस्कार सांगते. आईला माझा दंडवत.

लोभ आहेच, तो पोचल्याची पावती कॉफीच्या टेबलावर घेईन.
तुझा तौनो

&nbsp;

हेतेवारा, ११ सप्टेंबर १९७३

चि. तौनो यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

आधी मला सांग, ही गुनवोर कोण? दोन पानांच्या पत्रात बंदुकीला पंधरा ओळी आणि बाईला अर्धी. आईने ती अर्धी ओळ मला तीनदा वाचायला लावली.

मी कयानीला जाऊन आले. हार्तिकाइनन उंच, वाकलेला माणूस आहे, बोलताना तुमच्याकडे न बघता तुमच्या खांद्याकडे बघतो. तुझी ती ताकदवान रायफल मागितली तर त्याने काढून दिलीही, पण सोबत प्रश्न सुरू केले. वर्षातून किती वेळा झाडणार? जाड कोट घालून की कोटाशिवाय? ठिय्यावरून लांबवर दिसतं की झाडी आडवी येते? मी सांगितलं, खोपटीपासून समोरची बर्चच्या झाडांची रांग, बस. तेव्हा म्हणाला, मग ही तोफ कशाला? असली बंदूक खांद्याला असा दणका देते की माणूस दुसऱ्या वेळी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो. गोळी जाते पोटात, आणि मूस तीन दिवस दलदलीत मरत राहतो. मधल्या ताकदीची घ्या, साधी घ्या आणि जी काही बचत होईल तिची काडतुसं घेऊन सराव करा, असा त्याचा सल्ला. गळ्यात मारणारा माणूस स्वस्तातली वस्तू दाखवत नाही, असं मला वाटलं.

दुसरं म्हणजे, परगावच्या खांद्यासाठी तो बंदूक विकत नाही. परवाना ज्याचा, खांदा त्याचा. मी म्हटलं, भावाचे आणि माझे हात सारखेच आहेत, बाबांचा कोट आम्हा दोघांना होतो. तर त्याने एक रायफल माझ्या हातात दिली. म्हणाला, डोळे मिटा, खांद्याला लावा, मान आरामात टेकवा, आता उघडा. उघडले तर नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी बरोबर मागच्या खाचेत उभी होती. काही हलवायलाच नको. तो म्हणाला, ही कुणाला तरी बसलीय आणि ती व्यक्ती दुकानातच आहे. मी हसले. तो हसला नाही. बाजूला काढून ठेवतो म्हणाला.

तेव्हा लवकर ये आणि स्वतः लावून बघ.

माया आहेच, तिची काळजी घ्यावी.
तुझी ताई

&nbsp;

गोथेनबर्ग, २५ सप्टेंबर १९७३

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझा हार्तिकाइनन जुना माल खपवतोय, दुसरं काही नाही.

हे वाक्य लिहून मी तासभर बसलो. ताई, मी येत नाही. रजा मिळाली होती, ती परत केली. गुनवोरला दिवस गेलेत, ऑक्टोबरअखेर होईल. उन्हाळ्यातच लिहायला हवं होतं. पण लिहिलं असतं तर तुम्ही वाट बघणं थांबवलं असतं आणि ते मला सोसलं नसतं. आम्ही घर घेतलंय, तिसरा मजला, गॅलरी आहे. मी आता इथलाच, असं सगळे म्हणतात. मला मात्र रोज सकाळी जागं झाल्यावर क्षणभर आपल्या चुलीच्या धुराचा वास येतो.

ठिय्या जाऊ दे. काकांना सांग, तौनो कळवतो की जाऊ दे. आईला तूच सांग, माझ्याने होणार नाही.

त्या रायफलचा दस्ता कुठल्या लाकडाचा होता?

लोभ आहे की नाही ते तूच ठरव.
तौनो

&nbsp;

हेतेवारा, २१ ऑक्टोबर १९७३

चि. तौनो व सौ. गुनवोर यांस अनेक आशीर्वाद, वि. वि.

बर्चचा.

तुझं पत्र वाचून मी आधी गोठ्यात जाऊन रडले आणि मग तुला गायीसमोर चार शिव्या दिल्या. आईला सांगितलं. तिने लोकरीची टोपली काढली. बाळाचे मोजे तयार आहेत.

ठिय्या जाऊ दिला नाही. ती रायफल माझ्या परवान्यावर आणली. ओस्मोकाका म्हणाले, मंडळाच्या नियमांत बाई बसत नाही. मी म्हटलं, नियमांत घर म्हटलंय, पुरुष कुठे म्हटलंय ते दाखवा. मग म्हणाले, नेमबाजीची परीक्षा तर द्यावी लागेल. दिली. काका नेमाच्या फळ्याजवळ जाऊन बराच वेळ बघत राहिले आणि परत येऊन विचारलं, घरी कॉफी आहे का. दोन पेले प्यायले.

पहिल्याच आठवड्यात आला तो मूस. बाबा म्हणायचे तसाच, खोपटीच्या डाव्या कोपऱ्याने, धुक्यातून, घाई नसल्यासारखा. मी ओंडक्यावरून उठले कधी ते आठवत नाही. खांद्याला लावली, डोळे उघडेच राहिले. एक गोळी. बर्चपर्यंत चालत गेला आणि बसला. मी जवळ गेले आणि शेजारी सांगायला कुणी नव्हतं. फार एकटं वाटलं रे तेव्हा.

वाटणी आपल्या अंगणात झाली. मांसाचे सारखे ढीग लावले आणि दरवेळसारखं नव्या माणसाला पाठ फिरवून उभं केलं. म्हणजे मला. मागून काका एकेका ढिगावर काठी ठेवून विचारत होते, हा कुणाचा, आणि मी न बघता नावं घेत होते. सगळे ढीग संपले. वळून बघते तर काका टोपी काढून उभे. माझा ढीग मी तुझ्या नावाने पुकारला होता. सवयच ती, आपल्या घराचं नाव म्हटलं की तूच तोंडात येतोस. कुणीतरी हसलं, आता सायमी काय खाणार म्हणून. काकांनी त्याला गप्प केलं. म्हणाले, पुकारलं ते पुकारलं, वाटा तौनोचाच.

त्यातलं शिजवून बरण्यांत भरलंय. शेजारचा पोरगा बोटीने तुमच्याकडे येतोय, त्याच्याजवळ दोन देते. मिरी जास्त झाली असेल तर आईला बोल लाव.

माया आहेच, ती बरणीसारखी घट्ट झाकून ठेवावी.
तुझी ताई

&nbsp;

गोथेनबर्ग, ११ नोव्हेंबर १९७३

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत. मोजे अजून मोठे होतात, पण गुनवोर तिला तेच घालते.

बरण्या पोचल्या. मिरी बरोबर आहे. गुनवोरने विचारलं, ठिय्या म्हणजे काय. मी म्हटलं, बसायची जागा. ती म्हणाली, मग खुर्ची. मी जेवत राहिलो.

हार्तिकाइननला माझा नमस्कार सांग. म्हातारा खरं बोलत होता. फोरमनची ती रायफल मीही एकदा झाडून पाहिली होती, तुला सांगितलं नव्हतं. डोळे मिटले होते मी.

जेवण झाल्यावर गॅलरी झाडायला गेलो. खाली गाड्या उभ्या करायचं आवार आहे, दिवसा मीच दारं बसवलेल्या असतील त्यातल्या काही. हातात झाडू होता. कुणी बघत नाही असं पाहून डोळे मिटले, झाडू खांद्याला लावला, मान टेकवली. समोर खोपटी आली. धुकं, बर्चची रांग, बाबांचा ओंडका, आणि त्यावर बाबांचा कोट घालून तू.

दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे मग डोळे उघडून बघायचं असतं. ताई, मी बराच वेळ उघडलेच नाहीत.

लोभ असाच राहो, आणि वाटणीत माझं नाव चुकून का होईना निघत राहो.
तुझा तौनो