तळलेल्या माशांचा पगार

चि. एमिल,

बुधवार, १९ मार्च, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तू फोनवरून माझ्या मुलाची रोजीरोटी बुडवलीस. (त्या दिवशी सेंट जोसेफचा, कष्टकऱ्यांच्या संताचा सण होता. सकाळच्या मिस्साला तू त्यावर प्रवचनही दिलं होतंस.) वेळ मी मनानं सांगत नाही, सरकारी निकालपत्रात छापली आहे.

तुझा गुडघा कसा आहे? देव त्याला आराम देवो. पाकिटावर 'रेव्हरंड फादर' लिहिलंय ते पोस्टमनसाठी. आत तू एमिलच. तुझं नाक पुसत मी तुला शाळेत नेलंय. माझी तब्येत उत्तम आहे. रागानं रक्त चांगलं फिरतं.

बाटल्यांचा कारखाना जानेवारीत बंद झाला आणि लेनीनं राज्याच्या बेरोजगारी भत्त्यासाठी अर्ज केला. ही काही भीक नव्हे, त्याच्या नावानं कारखान्यानं वर्षानुवर्षं कर भरलाय. पण मिळवायला भिकाऱ्याहून जास्त वाकावं लागतं. भिकाऱ्याला निदान पासवर्ड लागत नाही. दर आठवड्याला दोन ठिकाणी काम मागितल्याचा पुरावा द्यायचा, आणि गावात चालू धंदे उरलेत दोनच: एक प्रेतं पुरणाऱ्या हुडाकचा, दुसरा तुझा. हुडाक म्हणाला, "लेनी, गिऱ्हाईकं रग्गड आहेत रे, पण सगळी उधारीवर जातात."

दर रविवारी संगणक विचारतो, या आठवड्यात कोणतंही काम केलंत का? ईस्टरआधीच्या उपवासकाळात, मांस वर्ज्य पण मासे चालतात अशा दर शुक्रवारी, लेनी चर्चच्या तळघरात सगळ्या गावासाठी मासे तळतो, हे आपल्यात कुणालाही सांगावं लागत नाही. मी शेजारी बसले होते. तो म्हणाला, "आई, ते काम थोडंच आहे? ती सेवा झाली." मी म्हटलं, "घाम आला ना? मग 'हो' लिही." (अर्धं सत्य म्हणजे पूर्ण खोटं, हे सिस्टर ऑर्सोलानं पट्टीनं माझ्या बोटांवर लिहिलंय.) पुढे कुणी विचारलं तर खुलासा करू, असं मला वाटलं. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला नरकाची सविस्तर माहिती दिली होती, सरकारी कार्यालयाची नव्हती.

'हो' लिहिताच भत्ता थांबला. मग चौकशीच्या बाईंनी लेनीच्या 'मालकाला', म्हणजे तुला, फोन केला. 'तो स्वयंसेवक आहे' एवढं एकच वाक्य पुरलं असतं. पण तू एका वाक्यात कधी थांबला आहेस? निकालपत्रात तुझं बोलणं जसंच्या तसं आहे. "लेनी? अहो, आमचा सगळ्यात मेहनती माणूस! त्याच्याशिवाय कढई तापत नाही." पगार काय, असं विचारलं तर म्हणालास, "पगार स्वर्गात मिळेल, इथे मासे मिळतात!" आणि हसलास. (हसल्याची नोंद नाही, पण मी तुला ओळखते.) बाईंच्या संगणकात स्वर्गाला रकाना नव्हता, माशांना होता. लेनीचं जेवण म्हणजे पगार, असं ठरलं. शुक्रवारी दुसरीकडे काम मिळालं तर तो जाईल का, या प्रश्नावर तुझं उत्तर: "पोप स्वतः बोलवायला आला तरी लेनी कढई सोडायचा नाही!" झालं. 'इतर कामासाठी उपलब्ध नाही' असा शेरा बसला. भाच्याची एवढी स्तुती तू त्याच्या लग्नातही केली नव्हतीस.

महिनाअखेर भत्ता सुरू झाला नाही तर लेनीची कार्ला सामान बांधणार आहे. तिच्या भावानं टेक्सासच्या एका गोदामात लेनीसाठी जागा पाहून ठेवलीय. सून, लेनी, दोन्ही मुलं, सगळे जातील. मग रविवारी मी कुणासाठी ताटं मांडू? तुझ्यासाठी? तुला माझ्या हातचं पचत नाही.

अपील मी लिहिलंय. सोबत चर्चच्या छापील कागदावर तुझं पत्र हवं: लेनी नोकर नाही, त्याला पगार नाही, आणि कामाचा फोन आला तर तो कढई तशीच टाकून जाईल. विशेषणं नकोत. पोप नको. विनोद तर मुळीच नको.

तुझी मोठी बहीण,
बर्नडेट

ता. क. या शुक्रवारी कढईपाशी मी उभी राहीन. मी निवृत्त आहे. माझी कितीही स्तुती केलीस तरी सरकारला माझं काही थांबवता येणार नाही.

ता. क. दुसरा. खरं काम पुढेच आहे. आवराआवर झाल्यावर उरलेले मासे लेनी डब्यात भरून घरी नेतो, हे तुला माहीत आहे, बाईंना नाही. मला आज सकाळी नातीनं सांगितलं की त्यांच्याकडे शनिवारी आणि रविवारी रात्री तेच जेवण असतं, आणि बाबा म्हणतात त्यांना भूक नाही. पत्रात त्या डब्याचा उल्लेख करू नकोस. हो, हे मी सांगतेय. देवाला काय सांगायचं ते मी बघेन, तू फक्त कागदावर गप्प राहा. उत्तर लेखी हवं, गुरुवार, २७ मार्च, दुपारी चारच्या आत. फोन करू नकोस. फोनवर तू बोलतोस.