रिकाम्या खुर्च्यांची सुनावणी

१२ मार्च, ऑगस्टा
विद्यार्थ्यांना कर्ज देणाऱ्या मंडळाचे नवे रोखे निघणार. त्याची जाहीर सुनावणी पुढच्या आठवड्यात. पेपरात सूचना आली. सुनावणीशिवाय रोख्यांना करमाफी नाही, आणि रोख्यांची वकील म्हणून माझ्या सहीशिवाय ते विकले जात नाहीत. येत मात्र कोणी नाही. कधीच नाही!

२० मार्च
झाली एकदाची. मंडळाचा ड्वाइट पेल्की रिकाम्या खुर्च्यांना गंभीर तोंडाने विचारतो — "कोणाला काही बोलायचंय?" खुर्च्या गप्प. डोनट खात थोडं थांबायचं. मग "आणखी कोणी?" — आधी कोणी बोललेलं नसलं तरी! — आणि उठायचं. मी हसू दाबते.

२१ मार्च
दारावरचा आल्सीद म्हणाला, "काल त्या बाई भेटल्या ना?"
कुठल्या बाई?
"अहो, दुसऱ्या मजल्यावर बसून होत्या की! एकट्याच."
यंदा आम्हाला खोली तिसऱ्या मजल्यावर मिळाली. सूचनेत मी गेल्या वर्षीचीच ठेवली. ती खाली, आम्ही तिच्या डोक्यावर. कोणी आलं नाही म्हणून तीही उठली, आम्हीही उठलो. शाब्बास माझी!

२२ मार्च
आल्सीदने नंबर घेऊन ठेवला होता. फोन केला. नादीन वेलेट, पार वर फोर्ट केंटची. बर्फातून गाडी हाकत आलेली. मुलगा अपघातात गेला. कर्जाला ती जामीन, म्हणून हप्ते आता तिच्या गळ्यात.
"वकीलबाई, कागदात लिहिलंय, 'मंडळ जामीनदाराला सोडू शकेल.' शकतात ना? मग सोडत का नाहीत?"
कागद मी लिहिलेला, ते 'शकेल' माझंच. मंडळाचे हात मोकळे राहावेत म्हणून घालतात. "पाहते," म्हणाले. वकिलाचं 'पाहते'!

२५ मार्च
ड्वाइटला सांगितलं — सुनावणी पुन्हा, नाहीतर सही नाही. भडकलाच.
"एका बाईसाठी विक्री अडवायची? आणि ऐकून करणार काय?"
काही नाही. कायदा ऐका म्हणतो, माना म्हणत नाही.
"मग घे. पण नव्या कागदातही 'शकेल'च राहणार. आणि तुझी फी आम्ही देतो, वकीलबाई. विसरू नकोस."
बरोबरच आहे त्याचं. राग आला नाही. बोलण्यात जेवणातलं चाउडर सूप गार झालं, तेवढं खटकलं.

३ एप्रिल
नवी सूचना छापून आली. मजला पुन्हापुन्हा वाचला.

११ एप्रिल
नादीन आली. चर्चला घालतात तसला कोट. उभी राहून बोलली, थोडंच.
"माझा ल्यूक गेला. त्याचं कर्ज जिवंत आहे. माझं जाऊ द्या. नव्या पोरांच्या आयांना तरी सोडा. 'सोडू शकेल' नको, 'सोडील' लिहा."
बसली. ड्वाइटने टिपून घेतलं, आभार मानले. सगळं रीतसर.

तीच तारीख, जेवणानंतर
एक लिहायचं टाळत होते. उठण्याआधी ड्वाइटने सवयीने विचारलं, "आणखी कोणी?"
मी उभी राहिले, नादीनच्या बाजूने बोलायला.