खाऱ्या बांगड्याचं पाणी

रोडपाली, शुक्रवार

प्रिय सत्यजीत,

'प्रिय' रीतीप्रमाणे लिहिलं आहे, त्यातून काही अर्थ काढू नकोस. घटस्फोटानंतर तुला लिहावं असं माझ्याकडे काही नव्हतं. पण या रविवारी तू गाडी घेऊन आईंना कायमचं पुण्याला न्यायला येणार आहेस, आणि परवा फोनवर म्हणालास की आईंच्या टोमॅटोंना काय घालतात ते कळव, रंजिता तिकडच्या टेरेसवर तशीच सोय करून ठेवेल. तुझी बायको माझ्या सासूसाठी कुंड्या आणणार हे ऐकून मला गंमत वाटली. तिला वाईट म्हणत नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

विकतचं खत आणू नका, आई त्याला हातसुद्धा लावत नाहीत. इथे बिल्डिंगच्या गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत झाडं आहेत. त्यांना तांदळाचं धुवण मिळतं, आणि कांद्याच्या साली भिजवून गाळलेलं पाणी. अंड्याची टरफलं वाळवून, मिक्सरमध्ये अगदी पीठ करून मातीत मिसळायची, नाहीतर टोमॅटोचं बूड काळं पडतं. फुलं लागली की वाळलेल्या केळीच्या सालींचा चुरा. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे मासळी. करंजाहून येणाऱ्या कोळणीकडून ताजी मासळी घेतली की तिचं पहिलं धुवण बादलीभर पाण्यात मिसळून बुडाशी ओततात. मुंडकी आणि आतडी गुळाबरोबर डब्यात मुरत ठेवतात. त्या डब्याचं झाकण उघडलं की अख्ख्या बिल्डिंगला कळतं. सेक्रेटरी काशीरामभाऊ नाकाला रुमाल लावून वर आले होते. आईंनी त्यांना विचारलं, "काशीराम, तू काय मोगरा खाऊन मोठा झालास रं?" ते त्यांच्याच शेजारच्या गावचे. गुपचूप खाली गेले. पुण्यातल्या तुझ्या सोसायटीत हे कितपत चालेल ते तूच बघ.

एक वर्ष आईंनी झाडांचे जरा जास्तच लाड केले. झाडं माझ्या खांद्याला लागली, हिरवीगार, पण टोमॅटो म्हणशील तर औषधापुरते. आई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "लय घातलं का झाड माजतं, मंग फलत नाय." त्यांना तुझ्याबद्दल काही म्हणायचं नव्हतं. मला मात्र तू आठवलास आणि हसू आलं. का हसतेस विचारलं, तर मी सांगितलं नाही. तेवढी सभ्यता माझ्यात आहे.

तू गेलास तेव्हा आई इथेच राहिल्या. मला तेव्हा त्याचं नवल वाटलं होतं. फ्लॅट माझ्या नावावर, मी पनवेलच्या शाळेतली मास्तरीण, त्या उरणच्या मिठागरावर वाढलेल्या. आमचं तुझ्याशिवाय एकमेकींशी नातं तरी काय होतं? पण कुणी त्यांना राहा म्हटलं नाही आणि कुणी जा म्हटलं नाही. सकाळी मी उठले तेव्हा त्या चहा टाकत होत्या. मग तसंच चालू राहिलं. माझे आईवडील कुरकुरले, तुझे काका येऊन मला टोचून बोलून गेले, आईंनी त्यांना जेवायला वाढलं आणि वाटेला लावलं. मी शाळेतून दमून आले की त्या गच्चीवर नेऊन आधी झाडं दाखवतात आणि मग जेवायला देतात. मला झाडांची आवड नव्हती, अजूनही फारशी नाही. पण घरी कुणीतरी माझी वाट बघतं, हे मला आवडतं.

गेल्या महिन्यात तू फोन करून पुण्याचं सांगितलंस. आई म्हणाल्या, "येते ना बाबा, येते." नंतर मला म्हणाल्या, "बोलावतो तो." मी म्हटलं, बरं झालं. त्यांचा मुलगा, त्यांचा हक्क. मी कोण अडवणारी? त्यांना जायचं असेल असं मी धरून चालले, आणि त्यांना वाटलं की मला सुटका हवी आहे. दोघींनी बॅगा काढल्या, पुसल्या, साड्यांच्या घड्या घातल्या. कामाचं सोडून एकमेकींशी काही बोललो नाही.

त्याच आठवड्यात आईंनी खारे बांगडे भिजत घातले होते. त्यांचं मीठ उतरलेलं पाणी कुठल्याही झाडाला घालायचं नसतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्यांनी ते टोपभर पाणी ताज्या मासळीचं समजून गच्चीवर नेलं आणि सगळ्या डब्यांत ओतलं. दोन दिवसांत पानांच्या कडा जळाल्या, झाडं माना टाकून बसली. मग आम्ही बादल्याच्या बादल्या साधं पाणी ओतलं, डब्यांच्या बुडातून वाहून जाईपर्यंत. अर्धी झाडं वाचली. आई ओल्या गच्चीवर बसून राहिल्या. "मिठागरावरची पोर मी, आन् झाडाला मिठाचं पानी घातलं. माजं ध्यानच नाय गं थाऱ्यावर." त्यांना मी कधी रडताना बघितलं नव्हतं, तुझ्या कोर्टाच्या निकालाच्या दिवशीसुद्धा नाही. मला फार वाईट वाटलं. मी विचारलं, आई, तुम्हाला जायचंय का? त्या म्हणाल्या, "तू मना राहा कदी बोललीस?"

मी म्हटलं, राहा.

तेव्हा रविवारी गाडी आणू नकोस, किंवा आण आणि जेवून रिकामी परत ने. हे त्यांनी तुला स्वतः सांगायला हवं होतं. तीनदा फोन हातात घेतला, तीनही वेळा तुझ्याशी बोलताना "येते, येते" म्हणून मोकळ्या झाल्या. शेवटी काल फोन माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "त्याचा आवाज आयकला का माज्या तोंडातून 'नाय' निघतच नाय. तू कागदावर लिव." म्हणून हे पत्र, रविवारच्या आत मिळावं म्हणून फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवते आहे. त्या शेजारी बसल्या आहेत आणि मी काय लिहिते ते विचारत नाहीत. फक्त एवढं लिहायला सांगितलं आहे, की तुझ्यावर राग नाही, आणि येशील तेव्हा उपाशी ये.

तुझ्या आईचीच,
विनिता