ओल्या कोळंबीला रंग धरत नाही

तीर्थरूप आक्कांस,

डागांनी भरलेल्या (पण दोनदा साबण लावून धुतलेल्या) दोन्ही हातांचा नमस्कार. तुमचा गुडघा जिना चढू देतो की अजून रुसलेलाच आहे? आमचे साडूभाऊ बातम्या बघता बघता घोरतात आणि तुम्ही टीव्ही बंद केला की "बघतोय मी" म्हणून जागे होतात, ते अजून चालू आहे ना? चालू असेल तर तब्येत उत्तम आहे असं मी धरून चालतो. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. म्हणजे मी बरा आहे. धाकटीचं तेच सांगायला हे पत्र.

तुम्ही फोन करता तेव्हा मी "सगळं ठीक" एवढंच म्हणून फोन तिच्याकडे देतो, त्यावरून तुम्ही मला घुम्या म्हणालात असं कानावर आलं. आक्का, घराला खोल्या दोन. मधली भिंत मी स्वतः रंगवलेली आहे, पण ती आवाज काही अडवत नाही. तिच्यासमोर तुम्हाला काय सांगणार, की तुमची बहीण खात नाही म्हणून? ताप उतरला तो तिचं नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला. पूर्वी मी जिन्यात असतानाच ती घरातून ओरडायची, "आज ऑइलपेंट का? कपडे बाहेरच ठेव!" आता टर्पेंटाइनची बाटली नाकाखाली धरली तरी पाणी धरल्यासारखी बघते. डॉक्टर म्हणतात येईल परत, कधी ते सांगता येत नाही. (असं मी गिऱ्हाइकाला म्हटलं असतं तर त्याने दुसरा रंगारी बघितला असता.) तोवर दोन घास खायचे आणि ताट बाजूला सारायचं. सगळं ओला पुठ्ठा चावल्यासारखं लागतं म्हणे. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत घसरतं. मला फार भीती वाटली हो आक्का. वरून हसत होतो, पण फार भीती वाटली.

मग एका दुपारी लवकर घरी आलो तर ही फोन कानाला लावून बसलेली. बोलत काहीच नव्हती. मला वाटलं तुम्हीच बोलताय (तुम्ही बोलायला लागलात की समोरच्याला बोलायची गरज नसतेच, माफ करा). जवळ जाऊन बघतो तर फोनवर स्वयंपाकाचा व्हिडिओ, ओव्हनमधून ब्रेडचा चुरा लावलेली सोनेरी कोळंबी निघते आणि कोणीतरी ती कर्रकन चावतं. तेवढाच तुकडा ही पुन्हा पुन्हा लावून ऐकत होती. मला म्हणाली, चव नाही कळत, पण कुरकुरीत दातांना कळतं. मी आत जाऊन उगाच ब्रश धूत बसलो. तळलेलं डॉक्टरांनी बंद केलेलं, तेव्हा ठरवलं की ओव्हनमध्येच करायची, आणि करायची ती मीच. तुम्हाला ठाऊकच आहे की या घरात माझी मजल चहापर्यंत, तोही उतू जातो.

ओव्हन मिळाला तो योगायोगानेच. ज्या बाईंच्या स्वयंपाकघराला रंग देत होतो त्यांनी नवा घेतला आणि जुना मला दिला, दरवाजा जरा कुरकुरतो म्हणून. आणला, पुसला, लावला. आक्का, तुम्ही कधी ओव्हनच्या काचेसमोर बसला आहात का? आत दिवा लागतो! रिकामा ओव्हन, आत काही नाही, आणि मी आपला पाटावर बसून त्या लाल तारेकडे बघतोय, कुठल्या तरी मोठ्या माणसाच्या घरात चुकून शिरल्यासारखा.

आता कृती ऐका. मैदा, फेटलेलं अंडं, ब्रेडचा चुरा, याच क्रमाने. वाचलं मात्र, माझी छाती फुगली. हे तर आपलंच काम! मैदा म्हणजे प्रायमर, अंडं म्हणजे पुट्टी आणि चुरा म्हणजे शेवटचा हात. उभी हयात काय केलं मी? नवा कोरा एक इंची ब्रश काढला (नवा, आक्का, शपथेवर सांगतो, नवा) आणि एकेका कोळंबीला डावीकडून उजवीकडे, कुठे ओघळ नाही, अशी अंड्याची झिलई दिली. पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही हा आमच्या धंद्याचा धर्म. म्हणून ताट पंख्याखाली ठेवलं. दुसरा हात चुऱ्याचा दिला आणि तोही वाळावा म्हणून पंखा तसाच फुल ठेवला. पुढचं काय सांगू! चुरा उडाला तो माझ्या केसांत, दोरीवरच्या कपड्यांत, धाकटीच्या चष्म्यावर. ती शांतपणे म्हणाली, कोळंबीला थोडा ठेवलास का? जो राहिला होता त्यावर मी अजून दोन हात चढवले आणि ट्रे आत सारला. थोड्या वेळाने काचेतून बघतो तर खाली पाण्याचं तळं, कोळंब्या उघड्याबोडक्या, आणि चुऱ्याचे हे एवढाले पोपडे त्या तळ्यात तरंगताहेत.

मी कपाळावर हात मारला. ओल! अहो, गिऱ्हाइकाने ओल्या भिंतीवर रंग मार म्हटलं तर त्याला तासभर ऐकवणारा मी, धुतलेली कोळंबी निथळतीच रंगवून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाजार, पुन्हा सोलणं, पाठीतला काळा दोरा काढणं. या खेपेला एकेक कोळंबी फडक्याने टिपून बाळाला पुसतात तशी कोरडी केली. चुरा असा बसला की नखाने निघेना. पण आक्का, रंग येईना! चुन्यासारखा पांढरा. सोनेरी होईल, होईल म्हणत मी बाहेर ताटकळलो आणि तोवर आत कोळंबीचं खोडरबर झालं. धाकटीने एक खाल्ली. बराच वेळ चावत होती. मग "छान झालीय" म्हणाली. ते "छान" तुम्हाला माहीत आहे, लहानपणी तुमच्या हातची पहिली जळकी पोळी खाऊन म्हणाली असेल तसलं. मला ते रागावण्यापेक्षा लागलं.

तिसऱ्या खेपेला हट्टाला पेटलो. कोळंबी शिजते चटकन, चुऱ्याला रंग चढायला लागतो वेळ. मग दोघांना एकदम आत का कोंडायचं? चुरा आधीच तव्यावर चमचाभर तेलात मंद परतून घेतला, चांगला तांबूस. ट्रेवर जाळी ठेवून वर कोळंब्या मांडल्या, म्हणजे बुडाला घाम सुटायला नको. ओव्हन आधी सणसणीत तापवून ठेवला. आणि पुन्हा पाटावर बसलो. आक्का, काय बघितलं मी! आडव्या पडलेल्या त्या करड्या कोळंब्या हळूहळू शेपटी उचलायला लागल्या, अंग आवळायला लागल्या. चुऱ्याच्या फटींतून गुलाबी रंग दिसायला लागला. असा गुलाबी मला आजवर कुठल्या डब्यात बनवता आलेला नाही, आणि हा आपला आपणच होत होता, कोणी न ढवळता. आतून बारीक चुरचुर ऐकू येत होती. एवढ्याशा जिवात हे सगळं आधीपासून होतं की काय? माझं तोंड उघडं राहिलं होतं, असं मागून धाकटी म्हणाली. ती कधी येऊन बसली मला कळलंच नाही. मग दोघंही बघत बसलो.

तिने पहिली उचलली, चावली, आणि तो आवाज झाला. कर्र! खिडकीपाशी उभा होतो, मला तिथवर ऐकू आला. तिने डोळे मिटले. दुसरी घेतली. तिसरी घेतली. मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. मग तिने मला जवळ बोलावलं, माझ्या कानाला गाल लावला आणि चावून दाखवलं. ऐक, म्हणाली. आक्का, मोठमोठे बंगले रंगवले, लोकांनी वाहवा केली, पण त्या एका आवाजापुढे सगळं फिकं. ट्रे रिकामा झाला. किती दिवसांनी तिने ताट पुसून ठेवलं!

असो. पाल्हाळ फार झालं. गुडघ्याला शेक देत जा आणि साडूभाऊंना माझा नमस्कार सांगा.

तुमचा घुम्या,
रंगारी

ता. क. — खरं म्हणजे एका कामासाठी लिहिलं. आक्का, तिला खरंच आवडली की माझं तोंड बघून खाल्ली? ती मला सांगायची नाही, आणि विचारायचा मला धीर होत नाही. तुमच्यापासून ती काही लपवत नाही. तेवढं आडून आडून विचाराल का? खरंच आवडली असेल तर रोज करीन. मी विचारलंय हे मात्र सांगू नका.

ता. क. दुसरा — आक्के, मी धाकटी. डिंक शोधायला जाताना हे पत्र याने माझ्याच हातात दिलं, असा हुशार माणूस. सगळं वाचलं. तर पहिली खाल्ली ती याच्या तोंडाकडे बघून. बाकीच्या माझ्यासाठी, तुझी शपथ. पण एक याने तुला सांगितलं नाही. सोललेली सालं रंगाच्या रिकाम्या डब्यात भरून गॅलरीत ठेवलीयत, कुंड्यांना खत होईल म्हणे, आणि वर झाकणसुद्धा नाही. याचं नाक रंगाने केव्हाच मेलंय, याला काय! मी सकाळपासून खिडक्या उघडतेय, नाक दाबून फिरतेय, डोकं उठलंय त्या घाणीने, दोन मिनिटं बसवत नाही घरात

आक्के, थांब. मला घाण येतेय.

ता. क. तिसरा (माझा, उभ्या उभ्याच लिहितोय, अक्षर समजून घ्या) — आक्का, ती रडतेय, हसतेय आणि गॅलरीच्या दारात उभी राहून तो डबा आत्ताच्या आत्ता खाली नेऊन टाक म्हणून माझ्यावर ओरडतेय. मी हलत नाहीये. अजून थोडा वेळ ओरडू दे तिला.