जाळ्यामागचा आवाज

नोएडा, २७ जानेवारी

आदरणीय इंदुमतीकाकू,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? पुण्यात यंदा थंडी बेताचीच आहे, असं तुमची भाची विजया म्हणाली. इथे दुपार झाली तरी धुकं उठत नाही. अश्लेषा आणि देविका ठीक आहेत. देविका आता ठीक आहे, असं म्हणायला हवं. त्याबद्दल पुढे लिहितोच.

गुणवंतकाकांचा स्वेटर अजून का पाठवला नाही, हे विचारायला तुम्ही फोन केलात आणि मी ऑफिसचं कारण सांगितलं. ते खरं नव्हतं.

जुन्या फुटबॉलच्या वस्तू जमवायचा मला नाद आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. पहाडगंजच्या दुकानात हा हिरवा लोकरी स्वेटर हाती आला आणि आत कॉलरला तुम्ही दोऱ्याने काढलेलं 'गु. वि. कर्णिक' दिसलं. त्या नावावरून आधी अण्णासाहेब सापडले, त्यांच्याकडून तुम्ही. अण्णासाहेब म्हणजे काकांच्या संघातले फुलबॅक. हल्ली गाझियाबादला मुलाकडे असतात.

दिल्ली गेटच्या मैदानावर लोक खास गोलमधले काका पेनल्टी कशी अडवतात ते बघायला यायचे, असं ते सांगतात. समोरचा चेंडूकडे धावू लागला की काका क्षणभर मागे कान द्यायचे आणि नेमके त्याच बाजूला झेपावायचे. मोठमोठे फॉरवर्ड त्यांच्यापुढे बिचकत. देशाच्या संघाच्या शिबिराचं बोलावणंही आलं होतं. अण्णासाहेबांनी एकदा खोदून विचारलं, तेव्हा काका म्हणाले की जाळ्यामागून कोणीतरी म्हातारा घोगऱ्या आवाजात बाजू सांगतो. वळून पाहिलं तर कोणी नसतं.

मी हसलो होतो. मग एका रविवारी, आमच्या ऑफिसच्या पोरांबरोबर खेळताना, थंडी होती म्हणून तो स्वेटर अंगात घातला. मी गोलकीपर. पेनल्टी आली आणि मागून स्पष्ट ऐकू आलं, "उजवीकडे." मराठीत. आमच्या टीममध्ये मराठी दुसरं कोणी नाही, आणि त्या जाळ्यामागे नुसती भिंत आहे. चेंडू उजवीकडेच आला.

काकू, मी घाबरायला हवं होतं. मी पुढच्या रविवारीही तोच घालून गेलो. त्याच्यापुढच्याही. सगळे पाठ थोपटत होते, आणि मला त्या आवाजाची सवय होत चालली होती. स्वेटर पाठवला नाही तो यासाठी.

आता जे फोनवर बोलता येईना, ते. काकांबद्दल तुम्ही मला म्हणाला होतात, "सुयश गेल्यावर ते माझ्याशी धड बोललेच नाहीत. पोर माझ्या नजरेआड गच्चीवर गेलं आणि पडलं. त्यांनी मला कधी माफ केलं नाही."

तसं नव्हतं. सुयश गेला त्या दिवशी सामना पेनल्टीवर गेला, तेव्हा काका पांढरेफटक होऊन अण्णासाहेबांकडे आले. म्हणाले, "आज तो बाजू सांगत नाहीये. घरी जा म्हणतोय." अण्णासाहेब म्हणाले, "एवढं संपव आणि जा." काका थांबले. संघ जिंकला, लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. ते घरी पोचले तेव्हा फाटकाशी गर्दी होती. त्यानंतर अगदी मरेपर्यंत त्यांनी चेंडूला हात लावला नाही. तुम्हाला तोंड दाखवायची त्यांना लाज वाटत होती, काकू. अण्णासाहेबांनी हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. सांगताना त्यांच्याने माझ्याकडे बघवत नव्हतं.

गेल्या रविवारी मी गोलमध्ये उभा असताना आवाज आला, "घरी जा, राजा. खेळ राहू दे." अण्णासाहेबांचं ऐकलेलं होतं म्हणून मी पळालो. पोरं मागून हाका मारत होती. अश्लेषा बाजारात गेली होती. घरी बाथरूमचं दार आतून बंद, गॅसचा गीझर चालू आणि देविका हाकेला ओ देईना. मी दार फोडलं. ती खाली पडली होती, ओठ निळे. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

नंतर मी अण्णासाहेबांना भेटलो आणि आवाज काय म्हणाला ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "राजा असं आमच्यात फक्त गुणवंत म्हणायचा."

म्हणजे मला सांगणारे काकाच होते. आणि त्यांना तरुणपणी तो घोगरा म्हातारा सांगायचा, तो कोण, हे मी अण्णासाहेबांना विचारलं नाही. त्यांनीही विषय पुढे नेला नाही.

त्यानंतर मी स्वेटर घातलेला नाही. कपाट उघडलं की तो टांगलेला दिसतो, आणि त्याच्याकडे पाठ करायचं मला धाडस होत नाही. तरी भीती वाटते असंही म्हणवत नाही. माझी मुलगी बाहेरच्या खोलीत अभ्यास करते आहे.

शनिवारी मी स्वतः तो घेऊन पुण्याला येतो. तुम्हाला घरात नको वाटला, तर तसं सांगा. मी परत आणेन, मुळीच वाईट वाटून घेणार नाही. पण आधी एकदा तो मांडीवर घेऊन बसा. ते तुमच्याशी बोलतील की नाही, मला माहीत नाही.

आज असता तर तुमच्या सुयशच्या वयाचा,
विश्वास