भुतांच्या जागा संपत आल्या

मु. ईट, ता. भूम
भाद्रपद, बाजाराचा दिवस

न्हाय आण्णासाहेब, रागानं न्हाय. नळदुर्गापतूर आलो आन तिथनं एका येष्टीवर उमरगा असताना तुमच्या उंबऱ्याला पाय लावला न्हाय, त्याचं कारण एवढंच की माझ्या डाव्या पायाचं पायताण बोरी नदीत गेलं, आन एका पायताणावर व्याह्याच्या दारात उभं ऱ्हायची आमच्यात रीत न्हाय. (तुमी हे इचारलेलं न्हाय. पर मनात असणारच, म्हणून आदी निकाल लावला.) आता रामराम घ्या. इकडं समदी खुशाल हायती, उडीद काढणीला आलाय, म्हैस व्यायला झालीय. तुमच्या घरच्या विहीणबाईंचा गुडघा कसा हाय? एरंडाचं पान गरम करून बांधा म्हणावं. त्या डागदरनं सुई दिली तर सुई दुखती आन गुडघा बी दुखतो.

तुमचं पत्र काल पोचलं. तुमचे जावाय म्हंजे आमचा पुतण्या महारुद्र मोठ्यानं वाचाय लागला, निम्म्यात त्येचा आवाज बसला, मग फुडं म्याच वाचलं. (म्या निजामाच्या शाळंत उर्दू तिसरी हाय, मराठी मागनं आपल्या जिवावर शिकलो, तवा माझ्या अक्षराला हसू नका.) तुमी लिवता की कुण्या टरकवाल्यानं तुमास्नी सांगितलं, तुमच्या वनमालाला आमी नळदुर्गाच्या पाण्यात ढकललं, आन भूत लागलं म्हणून तिला गावोगाव फिरवतो. तवा येत्या सोमवारच्या येष्टीनं येता, लेक घिऊन जाता, आन पुन्ना धाडणार न्हाय. बापाचं काळीज हाय, म्या वाईट मानलं न्हाय. पर टरकवाल्यानं अर्धंच सांगितलं. ढकललं हे खोटं हाय. फिरवतो हे खरं हाय. आता मधी बोलू न्हाका, सरळ वाचा.

वैशाखात लगीन झालं तवापासनं तुमची लेक आमच्या घरात बोललीच न्हाय. मुकी न्हाय हे मला ठाव हाय, आखाडात माहेरी आली तवा दिवसभर तिचं तोंड मिटलं न्हाय असं तुमीच लिवलंय. पर इथं मान हलवायची, बास. कामाला वाघीण. तकरार न्हाय, रुसवा न्हाय, शब्द न्हाय. आता आमच्या घरची रीत अशी की सुनंनं वडीलधाऱ्यांम्होरं नवऱ्याशी बोलायचं न्हाय, आन आमचं घर म्हंजे धरमशाळा. जो कोपरा बघाल तिथं कुणी ना कुणी वडीलधारं बूड टेकून बसलेलंच. गडीमानसं ओट्यावर निजणार, बाया आत निजणार. महारुद्र शाळंत मास्तर, तिथं असा वरडतो की पाढे शिवारात ऐकू येतात, आन घरात बायको म्होरं आली की पंचांगात डोस्कं घालतो. ह्याला एकादशी कवा हाय ते इचारा, बायकोच्या हाताला काय भाजलंय ते इचारू न्हाका. म्हंजे सुनंनं बोलू न्हाय असं आमीच म्हणायचं, आन न्हाय बोलली तर हिला कायतरी लागलंय असं बी आमीच म्हणायचं.

ही अक्कल माझी न्हाय. ही माझ्या वैनीची, म्हंजे वनमालाच्या सासूची, विठाबाईची. बाई मनानं लई चांगली, पर तिला काळजी केल्याबिगर अन्न पचत न्हाय. म्या म्हणलं, वैनी, पोर लाजती. त्या म्हणल्या, "भावजी, लाज इतके महिने टिकत न्हाय, मला इचारा." (त्यांची किती टिकली ते म्या इचारलं न्हाय.) झालं. वाडीवरनं दगडोबाला बोलावणं गेलं. दगडोबा अंगारा देतो, गुरांचं बी बघतो, आन खरं सांगायचं तर गुरांचं बरं बघतो. त्यानं वनमालाकडं बघितलं, जीभ टाळूला वाजवली आन म्हणला, सोनारीला काळभैरवाम्होरं बसवल्याबिगर हे कोण हाय ते उमगायचं न्हाय.

बैलगाडीनं सोनारीला गेलो. तिथली माकडं तुमास्नी ठाव असतील. ती देवाची मानसं, त्येंच्यावर हात उगारायचा न्हाय, ही तिथली रीत. दगडोबानं वनमालाला देवळाम्होरं बसवलं, लिंबू मांडलं, नारळ मांडला, डोळे फिरवले आन वरडला, "कोण हायेस? बोल! कुठनं आलास?" तर बोललं कोण न्हाय, पर एक दांडगा हुप्प्या आला. त्यानं लिंबू हुंगून टाकून दिलं, नारळ काखंत मारला, आन दगडोबाच्या खांद्यावर बसून त्येच्या केसातल्या उवा बघाय लागला. हात तर उगारायचा न्हाय! मग दगडोबा तसाच मान खाली घालून, हळू आवाजात, एखादं गिऱ्हाईक इचारावं तसं भुताला इचारू लागला, "कोण हायसा? बोला की." हुप्प्यानं एक कान धरून त्येचं डोस्कं दुसऱ्या अंगाला वळवलं. तवा वनमालाच्या पदराआडनं खुदकन आवाज आला.

एवढंच. पोर हसली. इतक्या दिसांत पयल्यांदा. मला वाटलं, चला, मामला मिटला. पर वैनींनी छाती बडवली. "हसली! बघा भावजी! ही न्हाय हसली, हिच्या आतला त्यो हसतोय!" तवा म्या बी हसत व्हतो, गाडीवान हसत व्हता, देवळातला गुरव खांबाआड जाऊन हसत व्हता, पर आमच्यातल्या कुणाला भूत लागल्याचं वैनी म्हणल्या न्हायत. आन वनमालानं जी मान खाली घातली ती घरी येस्तवर वर केली न्हाय. त्या वाटंवर मात्र माझं डोस्कं फिरलं, आण्णासाहेब. पोरीनं गप ऱ्हायलं तर भूत, हसलं तर भूत. मग तिनं करावं काय?

दगडोबाला इज्जत सावरायची व्हती. त्यो म्हणला, हे साधं न्हाय. जे लागलंय त्येला पडत्या पाण्याचा पडदा वलांडता येत न्हाय, तवा हिला नळदुर्गाच्या पाणीमहालात न्या. नवराबायकोच्या पदराला गाठ मारा आन दोघांनाच आत धाडा. वडीलमानूस संग न्हाय. वडीलमानूस गेलं तर ते हिला सोडून त्याच्यात शिरतं. वैनींनी लगोलग माझ्याकडं बघितलं, जणू काय म्या रिकामा गोठाच हाय.

मग येष्टीनं तुळजापूर. तिथं नारायणराव पुजाऱ्यांच्या घरी मुक्काम, देवीचं दर्शन, आन सकाळी नळदुर्ग. तुमी तिथलेच, तुमास्नी काय सांगू, पर म्या पयल्यांदा बघितला. नदीला आडवी भिंत, भिंतीच्या वरनं नदी उडी घेती, आन भिंतीच्या पोटात खोल्या! बादशहाला दुसरं काम नसणार. आडवार असल्यानं बघाय आलेलं मानूस न्हाय, वरच्या अंगाला एक टरकवाला तेवढा बिडी वडत उभा. (हाच त्यो.) आत उतरायला अंधाऱ्या अरुंद पायऱ्या, भिंत हाताला थरथरती लागती, आवाज असा की शेजारच्याचं तोंड हालताना दिसतं पर शब्द न्हाय. म्या भुताखेताला भीत न्हाय, तरी पटक्याचा शेव दातात धरला. गाठ मारली. महारुद्राचा चेहरा बकऱ्यावानी झालेला. दोघं खाली उतरली, आन आमी वर बसलो.

बसलो तर बसलो. वैनींचा जप झाला, दुसऱ्यांदा झाला. पोरं वर येईनात. वैनी उठल्या, वाकून हाका मारल्या, पर त्या आवाजात हाक म्हंजे समुद्रात चिमूटभर मीठ. मग त्येंनी गळाच काढला. "गेली गं माझी सून! वडली गं पाण्यानं! सोन्यावानी पोर व्हती, कवा उलटून बोलली न्हाय!" (आता कळलं का, टरकवाल्यानं काय ऐकलं ते? ढकललं म्हणून कुणी वरडलं न्हाय.) एक सांगतो, वैनी खरंच रडत व्हत्या. पोटच्या पोराचं न्हाय, सुनंचं नाव घिऊन रडत व्हत्या. हे तुमच्या घरात सांगा.

म्या म्हणलं, शिरू दे शिरायचं त्ये, आन उतरलो. तिथंच पायरीवर पायताण निसटलं आन खालच्या भोकातनं नदीत गेलं. भिंतीला धरून खाली पोचलो. खिडकीम्होरनं समदी नदी खाली पडती, आत हिरवा उजेड, आन आत बसलेल्याच्या अंगावर तुषाराबिगर कायबी न्हाय. तिथं दगडी कट्ट्यावर तुमची लेक बसलेली, पदर खांद्यावर, आन ती बोलत व्हती. आण्णासाहेब, काय बोलत व्हती! हात नाचवून, डोळे मोठे करून, मधीच कुणाची तरी नक्कल करून. ती नक्कल बघून म्या वळखलं, ती माझीच व्हती, म्या जेवताना ताट कसं सरकवतो त्येची. महारुद्र पोट धरून हसत व्हता, मग त्यो बोलायचा, ती हसायची. मला एक शब्द ऐकू आला न्हाय. तिला तिथं गावलं व्हतं ते एवढंच, की घरातलं कुणीबी ऐकणार न्हाय.

(आमची मालकीण अनसूया जाऊन लई वरसं झाली. ती घरात माझ्याशी बोलली न्हाय. पर म्या मोट हाकाय लागलो की ती भाकरी घिऊन यायची आन चाक कुरकुराय लागलं की बोलाय लागायची. मोट थांबली की ती बी थांबायची. म्या ज्वारीला गरजेपेक्षा जास्त पाणी दिलं त्या वरसांत. असो.)

म्या तसाच मागल्या पावली वर आलो. वैनी म्हणल्या, "गेलं का भावजी?" म्या म्हणलं, गेलं. लबाडी झाली, पर देवी समोरच्या डोंगरात हाय, ती बघून घील.

पर घरी आल्यावर पुन्ना तेच. तीच धरमशाळा, तेच पंचांग, तीच खाली मान. आठवडाभरात वैनी म्हणाय लागल्या, परत आलं वाटतं. तवा म्या दगडोबाला बांधावर गाठलं आन सरळ इचारलं, तुझं भूत किती चिवट हाय? दगडोबा दिसतो तेवढा येडा न्हाय. म्हणला, "आबा, असल्याला एका जागी न्हिऊन भागत न्हाय. त्येला फिरवावं लागतं. नवराबायकोनंच. भ्याच्या जागी." मग त्यानं वैनींना तसं सांगितलं, आन वैनींनी आपल्या हातानं दशम्या बांधून दिल्या. गेल्या सुट्टीला दोघं धाराशिवच्या लेण्याला जाऊन आली. वटवाघळं, अंधार, चिटपाखरू न्हाय. महारुद्राला इचारलं, कसं वाटलं? म्हणला, "लई भ्या वाटलं आबा," आन दात काढीत घरात गेला. पंचांग ओट्यावरच राहिलं. फुडच्या सुट्टीला परांड्याचा किल्ला धरलाय. तिथं तोफा हायत्या आन भुयार हाय म्हणतात, म्हंजे दिवस जाईल.

तवा हे असं हाय. घरच्या विहीणबाईंना नमस्कार, लहानथोरांना आशीर्वाद.

आपला
उत्तरेश्वर

ता.क. सोमवारी येऊ न्हाका. आला तर पावण्यासारखं या, जेवा, लेकीला बघा आन एकटे जा. तिला न्हेलंत तर गावात पक्कं व्हईल की भूतच व्हतं, आन मग ते तिला जलमभर लागंल.

आनखी एक. खरं काम हे हाय. परांडा झाला की ह्या जिल्ह्यातल्या माझ्या ठाव्या भ्याच्या जागा संपल्या. आता दिवाळीपतूर तुमच्या उमरग्याच्या अंगाला एखादी जागा असंल तर वैनींच्या नावानं सवतं पत्र धाडून कळवा. नसंल तर तयार करा. म्या भुताखेताला मानत न्हाय हे तुमास्नी ठाव हाय, पर जागा जबर पायजे, एका दिसात परत येता न येणारी. म्हंजे मुक्काम तुमच्याकडं पडंल.

आनखी. हे लिवत व्हतो तवा वनमाला दाराशी यून उभी राहिली. घरात दुसरं कुणी नव्हतं. मला म्हणाली, "आबा, आण्णांना लिवा, मळ्याच्या वाटंवरची जुनी बारव." म्या म्हणलं, तिथं काय हाय गं? म्हणाली, "कायबी न्हाय. म्या लहानपणी तिथंच खेळायचे. पर हाय म्हणून लिवाय सांगा. आन लई वंगाळ हाय म्हणून लिवाय सांगा."

त्याच्या फुडं बी ती बोलली, बराच येळ बोलली. काय ते इचारू न्हाका. सांगणार न्हाय.