कुरकुर न करण्याची शपथ

दाएगू,
गुरुवार, १४ नोव्हेंबर

प्रिय मल-सुन,

येशूची शांती तुझ्याबरोबर असो. पाकिटावर मी 'सिस्टर लुसिया' असंच लिहिलंय, नाहीतर तुमच्या मठाच्या दारावरच्या सिस्टर हे पत्र दुसऱ्याच कुणाच्या हातात देतील. पण आत मात्र तू मला मल-सुनच. शाळेच्या बाकावर माझी अर्धी जागा बळकावणारी मुलगी एकदम सिस्टर कशी होणार?

तुझा खोकला कमी झाला का? आल्याचा मध पाठवलाय, तो सगळा वाटून टाकू नकोस, स्वतःही घे. इकडे थंडी सुरू झाली. मी ठीक आहे. हिवाळ्याची किमची घालून झाली, यंदा कोबी निम्मीच आणली.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. तुमच्या बालगृहातल्या मुलींना ओसाकाच्या त्या मोठ्या थीम पार्कमध्ये न्यायला कुणी दाता तयार झालाय, आणि तू विचारलंस की ओक-जू, तू नुकतीच जाऊन आलीस, खरं सांग, जेवढा गाजावाजा चाललेला असतो तेवढं तिथे काही आहे का. उत्तर खरं तर दोन ओळींचं. तरी दोनतीनदा कागद घेऊन बसले आणि उठले. आज कोबीचं काम संपलं, आता सबब उरली नाही.

तर ऐक. सत्तरी झाली की मुलांनी आईबापांना फिरवून आणायचं, ही आपल्याकडची रीत. माझ्या वरच्या मजल्यावरच्या बाईंना मुलाने हवाईला नेलं होतं, त्या अजून ते लिफ्टमध्ये सांगतात. माझी सत्तरी आली तेव्हा हे-रिमने ओसाका ठरवलं. म्हणजे माझी सहलही होईल आणि सो-युलची हौसही. सत्तरी माझी आणि झोके नातीचे, असं ओठांवर आलं होतं, पण बोलले नाही. एकुलती एक लेक. तिचे वडील गेल्यापासून ती माझ्याकडे सारखी अशी बघते, जणू मी गॅसवर ठेवलेलं दूध आहे.

विमानतळावर तिने मला उजवा हात वर करायला लावला. हल्लीच्या मुलांचं हे नवीन खूळ तुमच्या मठापर्यंत पोचलंय की नाही कोण जाणे. आईवडिलांना सहलीला नेण्याआधी त्यांच्याकडून कुरकुर न करण्याची शपथ घ्यायची. हे-रिम त्याला दहा आज्ञा म्हणते. तू क्रूसाची खूण कर आणि पुढे वाच. अजून किती चालायचंय, असं विचारायचं नाही. हे केवढ्याला पडलं, असं विचारायचं नाही. खारट आहे म्हणायचं नाही. एवढंच बघायला आलो का, म्हणायचं नाही. घरी भात-किमची खाल्ली असती तर बरं झालं असतं, हे तर मनातसुद्धा आणायचं नाही. ती एकेक वाक्य सांगत होती, मी मागून म्हणत होते आणि जावई फोनवर चित्रीकरण करत होते. आमच्या मागे एका आजोबांना त्यांची सून हीच शपथ देत होती. ते दर वाक्याला थांबून विचारत होते, "आणि खरंच खारट असलं तर?"

सगळे हसले. मीही हसले. पण तुला मी माहीत आहे. शाळेत सिस्टरांनी रांगेत बोलायचं नाही म्हणून सांगितलं, तर मी बाजारातल्या रांगेतही बोलायची नाही. मी ती शपथ मनापासून घेतली.

पार्क कसं होतं? मोठं होतं. रांगा होत्या. रांग संपली की आत आणखी एक रांग असते, आणि ती बाहेरून दिसत नाही. जावई दिवसभर फोनमध्ये डोकं घालून कुठल्या खेळाला कधी नंबर लागेल ते बघत होते. डोक्यावरचं आकाश त्यांनी पाहिलंच नसेल. आम्ही चौघांनी कान असलेले पट्टे डोक्याला लावले होते. मी एका किल्ल्याच्या दगडी भिंतीला जरा टेकले, तर ती भिंत आतून पोकळ वाजली. कुठल्यातरी जनावराच्या तोंडासारखा पाव मिळतो, तो गोडही नाही आणि खारटही नाही. मी पर्समधून मिरचीच्या चटणीची नळी काढून हळूच त्यावर पिळली. हे-रिमने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. ही तिच्याकडून मिळालेली सूट.

दर थोड्या वेळाने ती विचारायची, आई, मजा येतेय ना? मी म्हणायचे, खूप. गुडघा सकाळपासून ठणकत होता. पण तिच्या चेहऱ्यावर एवढी आशा होती, मल-सुन, की तिथे 'दुखतंय' हा शब्द ठेवायला जागाच नव्हती.

दुपारी हे-रिम आणि जावई उंच रुळांवरून धावणाऱ्या एका गाडीत बसायला गेले. सो-युलची उंची दोन बोटं कमी पडली, म्हणून ती माझ्याजवळ बाकावर राहिली. मला वाटलं, रडेल. ती जमिनीवर बसली आणि मुठींनी माझे गुडघे चेपायला लागली.

"आजी, पाय दुखतात ना?"

"नाही गं."

"खोटं. घरी तू उठताना 'आई गं' म्हणतेस. आज एकदाही म्हणाली नाहीस."

मी तिचा पट्टा सारखा केला. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "मला पण कंटाळा आलाय. पण आईने मला पण शपथ घातलीय. माझ्या तीनच आहेत. रडायचं नाही, चिडायचं नाही आणि आजीसमोर पोलंडचं बोलायचं नाही."

बोलून झाल्यावर तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. माझ्याकडे बघत राहिली. समोर बँड वाजत चालला होता, कुणी कागदी फुलं उधळत होतं. मी म्हटलं, "बाई, या बाजाच्या आवाजात मला काही ऐकूच आलं नाही. काय म्हणालीस?" तिने माझा चेहरा नीट निरखला आणि म्हणाली, "काही नाही." पुन्हा गुडघे चेपायला लागली.

जावयांच्या कंपनीचा पोलंडमध्ये कारखाना आहे, हे मला ठाऊक होतं. बाकीचं जुळवायला फार अक्कल लागत नाही. ही सत्तरीची सहल नव्हती, निरोपाची होती. मला एक छान आठवण देऊन मग सांगायचं, असा लेकीचा बेत.

म्हणून मी आणखी हसले. संध्याकाळच्या दिव्यांच्या मिरवणुकीत मी टाळ्यासुद्धा वाजवल्या. रात्रीच्या जेवणाला हे-रिमने एकदा चमचा खाली ठेवला, माझ्याकडे बघून तोंड उघडलं, आणि मग म्हणाली, "अजून भात मागवू?" मी म्हटलं, मागव.

परत आल्यावर पुढच्या रविवारी ती दोघं आली होती. मी बाल्कनीत कोबीला मीठ लावत होते, ती दोघं स्वयंपाकघरात होती आणि त्यांना वाटलं काचेचं दार लागलेलं आहे. हे-रिम नवऱ्याला सांगत होती, "आई तिथे किती खूश होती, बघितलंस ना? इतकी हसताना मी तिला बाबा गेल्यापासून पाहिलं नाही. तिला टाकून मी कशी येऊ? तू एकटा जा. चार वर्षं जातील. सो-युल आणि मी इथेच राहतो." महिनाअखेर जावयांना कंपनीला उत्तर द्यायचंय.

बघ, कसं झालं. मी सुखात आहे असं इतकं चांगलं दाखवलं की त्या सुखासाठी ती आपला संसार दोन देशांत वाटायला निघाली.

आणि मी गप्प आहे. शपथ पाळणारी बाई गप्प बसली, तर तिला कोण बोल लावणार? पण तुला खोटं कसं लिहू? मी शपथेसाठी गप्प नाही. जोवर मला काही माहीत नाही असं मी दाखवते, तोवर हे-रिम आणि सो-युल इथेच राहतात. सो-युल समोरच्या इमारतीत राहते. तिच्या शाळेच्या आधी तिची वेणी मी घालते, ती अर्धवट झोपेत माझ्या पोटाला डोकं टेकून उभी असते. एवढंच. दुसरं काही मी मागितलेलं नाही.

आता दमले. उरलेलं नंतर लिहीन.

रविवार, संध्याकाळ

मल-सुन, आज ती तिघं जेवायला आली होती.

हे-रिमने सहलीच्या फोटोंचं जाड पुस्तक छापून आणलं होतं. प्रत्येक पानावर मी कान लावून हसतेय. वरच्या मजल्यावरच्या बाईंना दाखव, म्हणाली. मी पानं उलटत होते आणि ती सहज बोलल्यासारखी म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ या का? आपण तिघी."

तिघी. जावयांनी मान खाली घातली आणि सूप ढवळत बसले.

तुला आठवतं, हे-रिम लहान असताना तिचे वडील सौदीला बांधकामावर होते? आपल्या पिढीतले कितीतरी पुरुष तिकडे होते. पैसे वेळच्या वेळी येत. कॅसेटवर तो स्वतः बोलून पाठवायचा. तो परत आला तेव्हा दार हे-रिमने उघडलं आणि म्हणाली, "काका, कोण हवंय?" त्याने बॅग खाली ठेवली आणि परक्यासारखं अदबीने विचारलं, "तुझी आई आहे का घरात?" त्यानंतर तो आयुष्यभर चांगला बाप होता, पण तिच्या खोलीत जाताना दार वाजवूनच जायचा.

मी ते पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "मला परत तिथे जायचं नाही. माझे पाय दुखले. रांगेत उभं राहून जीव गेला. सूप खारट होतं, पाव बेचव होता आणि तो किल्ला पोकळ आहे, मी टकटक करून पाहिलंय. तो दिवस कधी संपतो असं मला झालं होतं."

हे-रिमच्या हातातली पळी तशीच राहिली. "मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तू शपथ घातली होतीस."

"आई, ती गंमत होती."

"मला गंमत कुठून कळणार? मी सिस्टरांच्या शाळेतली."

ती हसली. हसता हसता तिचा चेहरा बदलला, लहानपणी ताप चढायच्या आधी बदलायचा तसा. मी म्हटलं, "माझ्या पोटातलं मी बोलले. आता तुझ्या पोटात काय आहे ते सांग."

सो-युल ताटाकडे बघत म्हणाली, "मी नाही सांगितलं."

मग सगळं बाहेर आलं. हे-रिम रडत होती आणि सांगत होती की मला एकटीला कोण बघणार, रात्री पडले तर कोण येणार, लोक काय म्हणतील. मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, "तिघंही जा. तुझ्या मुलीने चार वर्षांनी दार उघडून स्वतःच्या बापाला काका म्हणावं, असं मला नको आहे. ते मी एकदा पाहिलंय."

ती वळून आमच्या दाराकडे बघायला लागली. तिला ते दार आठवत असेल असं मला वाटत नव्हतं, पण आठवत होतं. जावयांनी माशाचा तुकडा घेतला, त्यातले काटे काढले आणि माझ्या भातावर ठेवला. एरवी ते असा तुकडा सो-युलच्या भातावर ठेवतात. मी खाल्ला. एकही काटा राहिला नव्हता.

जाताना हे-रिम दारात म्हणाली, "खरंच एवढं वाईट होतं ते, आई?" मी म्हटलं, "एक बाक चांगला होता."

आता तुझं उत्तर. ते ठिकाण वाईट नाही. चकचकीत आहे, स्वच्छ आहे, तिथली माणसं थकत नाहीत. पण तिथे गेलेला प्रत्येकजण कुणातरी दुसऱ्यासाठी आनंदात असतो. कुणीतरी एवढं केलंय, म्हणून हसायचं. तुझ्या मुली तर तशाही उभं आयुष्य आभार मानत वाढणार. त्या दात्याला आधी विचार, दिवसभर त्यांच्याकडून फोटो आणि थँक्यू हवेत का. हवे असतील तर नको म्हण आणि मुलींना तुमच्या जवळच्या समुद्रावर भाताच्या गुंडाळ्या घेऊन ने. नको असतील तर खुशाल जा, आणि एखादीने मध्येच बसून 'मला कंटाळा आला' म्हटलं, तर तिच्यावर रागावू नकोस. तिच्याजवळ बस.

हिवाळा संपला की ती निघतील. सो-युलला आज वेणी घालायला शिकवली, स्वतःची स्वतः. अजून वाकडी येते. मी सरळ करून दिली नाही.

माझ्यासाठी प्रार्थना कर, मल-सुन. ती तिघं जाऊ नयेत अशी नको करूस. ती मी रोज करते, आणि दर वेळी अर्ध्यावर थांबते. तू दुसरी कर, जी माझ्याच्याने अजून पूर्ण म्हणवत नाही.

तुझी,
ओक-जू